पहिलं पान चुकांचं

आपांइतकं घाबरट माणूस मी दुसरं पाहिलं नाही. रस्त्यात कुत्रं बसलेलं दिसलं की त्या पलीकडच्या गल्लीनं वळसा घालून यायच्या. गॅस बंद केलाय का, हे बघायला उतरलेल्या पायऱ्या पुन्हा चढायच्या. दारावर थाप पडली की आधी "कोण?", मग "कोण म्हणालात?", आणि त्यानंतर साखळी न काढता दार फटीएवढं उघडायचं. दिवाळीत आमच्या पुंडलिकनगरात फटाके वाजायला लागले की कानात कापूस घालून बसायच्या. आणि हीच बाई मार्च महिना आला की राज्य सरकारच्या अर्थसंकल्पाची जाडजूड पुस्तकं उघडायची आणि ज्यांच्यासमोर सगळं गाव खाली मान घालतं, त्यांनी भाषणात काय सांगितलं आणि पुस्तकात काय ठेवलं, ते स्वतःच्या नावानिशी छापायची.

आपा मूळच्या सिल्लोडच्या. वडिलांचा कापसाचा व्यापार. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि लेखा विभागातून निवृत्त झालेल्या कांबळे सरांना सोबत घेऊन त्यांनी एक छोटा अभ्यासगट काढला. कुठल्या पक्षाचा नाही, कुठल्या संस्थेच्या दावणीला नाही. सगळे त्यांना आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणत, मीही म्हणायला लागलो. त्या मला कायम "पाईपवाले" म्हणाल्या, कारण माझा धंदा तोच. सायकलवर नळ्यांची भेंडोळी बांधून फुलंब्रीच्या बाजारात विकण्यापासून मी सुरुवात केली. आज माझं स्वतःचं दुकान आहे, वर दोन मजले आहेत, आणि त्यातली एकही वीट मला कुणी फुकट दिलेली नाही. भाव करण्यात मला कुणी हरवू शकत नाही असं मी समजत होतो.

दुकानावरच्या दोन खोल्या बघायला आपा आल्या तेव्हा मी भाडं सांगितलं. अर्थात घासाघीस होणार हे धरून सांगितलं. त्यांनी घासाघीस केलीच नाही. म्हणाल्या, "हा तुमचा अंदाज झाला. मागच्या भाडेकरूकडनं प्रत्यक्षात हातात किती येत होते?"

मला काय झालं कोण जाणे, मी खरं सांगून बसलो.

"मग तेच देते," आपा म्हणाल्या आणि पर्स उघडायला लागल्या. माझा चेहरा बघून त्यांनी समजूत काढल्यासारखं केलं. "वाईट वाटून घेऊ नका. सरकारला पण मी हेच विचारते. मार्चमध्ये एक आकडा सांगतात, वर्षाच्या मधे तो सुधारतात, आणि खर्च तिसराच होतो. भाषण पहिल्या आकड्यावर होतं, पाईपवाले. दवाखाना तिसऱ्यावर चालतो."

त्यांची कामाची रीत बघायला मी मुद्दाम वर जायचो. एक जण आकडा मोठ्यानं वाचायचा, दुसरा आपल्या कागदावर त्या आकड्यावर बोट ठेवायचा आणि "हौ" म्हणायचा. हौ आल्याशिवाय पुढची ओळ नाही. मग दोघं जागा बदलायचे आणि तेच पान पुन्हा. मी एकदा म्हणालो, "एवढ्यात माझा ट्रक भरून जालन्याला पोचला असता." कांबळे सर हसले. आपा हसल्या नाहीत. "तुमच्या ट्रकात एखादी नळी कमी गेली तर गिऱ्हाईक फोन करतं," त्या म्हणाल्या. "इथं कमी गेली तर कुणाला कळत पण नाही. त्याचंच मला भ्या वाटतं."

पुस्तकं वाचून अभ्यासगट जे छापील टिपण काढायचा, त्यात विशेषण चालायचं नाही. "तुटपुंजी तरतूद" असं सरांनी लिहिलं की आपा तुटपुंजी खोडायच्या. आकडा लिहा, लोकांना तो तुटपुंजा दिसतो का बघू, असं त्यांचं म्हणणं. कुणाला मत देता म्हणून मी एकदा खोदून विचारलं तर म्हणाल्या, "मतदान पडद्याआड असतं ना? मग पडदा राहू द्या." शहराचं नाव बदललं तेव्हा टिपणावर पत्ता कुठला छापायचा यावरून दोन्हीकडून फोन आले. आपांनी राजपत्र काढलं, त्यातली तारीख पाहिली. त्या तारखेआधीच्या गोष्टीला जुनं नाव, नंतरच्या गोष्टीला नवं. दोन्हीकडचे लोक सारखेच चिडले. "बरं झालं," आपा म्हणाल्या, पण त्या आठवड्यात भाजी आणायला त्या एकट्या गेल्या नाहीत.

आणि त्या टिपणाचं पहिलं पान. तसं पान मी कुठं पाहिलं नव्हतं. वरती मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायचं: आमच्या चुका. मागच्या टिपणात जे काही चुकलं असेल ते तिथं, नेहमीपेक्षा मोठ्या टाइपात. कुठल्या तरी ओळीत शून्य जास्त पडलं, कुठं विभागाचं नाव चुकलं. चूक नसेल तर पान कोरं सोडायचे, पण पान असायचंच. माझ्या धंदेवाईक डोक्याला हे झेपायचं नाही.

"माल दाखवायच्या आधी त्याची भेग कोण दाखवतं, आपा?"

"भेग आपण दाखवली नाही तर गिऱ्हाईक शोधत बसतं. मग त्याला नसलेली पण दिसायला लागते."

"गिऱ्हाईक पळून जातं."

"जाऊ द्या. जे राहतं ते डोळे मिटून घेतं."

हे असं बोलणाऱ्या बाईवर माझा राग आहे. त्या गेल्या तरी तो गेलेला नाही. कशामुळं, ते सांगायचं तर माझ्या बहिणीपासून सुरुवात करावी लागेल.

माई माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून मला तिनं वाढवलं. ती गावाकडं राहते आणि तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. आठवड्यातून दोनदा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तिचं डायलिसिस होतं. शहरात माझ्याकडं येऊन राहा म्हणून मी पाया पडलो, तर म्हणाली, "तुझ्या त्या वरच्या मजल्यावर मला कबुतरासारखं बसवून काय करणार?" दर वेळी गावाहून शहरात ने-आण करावी तर तिचं शरीर तेवढा प्रवास सोसत नाही. तालुक्याचं ते केंद्र चालू आहे म्हणून माई आहे, इतकी सरळ गोष्ट आहे.

त्या वर्षी मार्च संपता संपता केंद्रातल्या मशीन चालवणाऱ्या माणसानं मला बाजूला घेतलं. केंद्र एक कंपनी सरकारच्या करारावर चालवायची. तो म्हणाला, करार पावसाळ्यानंतर संपतोय आणि पुढचा काही आदेश आलेला नाही. मी गाडी तशीच शहराकडं पळवली आणि चपला न काढता आपांच्या खोलीत शिरलो.

"लिहा," मी म्हणालो. "केंद्र बंद करायला निघालेत म्हणून लिहा."

आपांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. माझा आवाज चढला की त्या असंच करायच्या. "पाईपवाले, आधी हळू बोला. बंद करताहेत असं कुठं लिहिलंय?"

"लिहून कोण बंद करतं?"

"मग मी कशी लिहू? पैसा ठेवलाय का नाही, एवढं बघून सांगते."

त्यांनी आणि कांबळे सरांनी पुस्तकं उघडली. मी खाली दुकानात बसलो, पण त्या दिवशी मला गिऱ्हाईकाशी भाव करता आला नाही, जो ज्या भावानं मागेल त्याला त्या भावानं दिलं. संध्याकाळी आपांनी वर बोलावलं. यंदाच्या पुस्तकात आपल्या भागातल्या अशा सगळ्या केंद्रांसमोर लाक्षणिक तरतूद होती. म्हणजे ती ओळ पुस्तकातून पुसली जाऊ नये म्हणून ठेवलेली नावापुरती रक्कम. त्या पैशात मशीनच्या नळ्याही आल्या नसत्या. आणि मागच्या वर्षीच्या ओळीत प्रत्यक्ष खर्चाच्या जागी शून्य होतं.

टिपण निघालं. त्यात दोन वाक्यं होती. मागच्या वर्षी या केंद्रांवर काहीच खर्च झालेला नाही, म्हणजे कंपनी बिलं न मिळता काम करत असावी. आणि यंदा नावापुरतीच रक्कम ठेवलेली आहे. विशेषण एकही नव्हतं. तरी ते पेटलं. विरोधी बाजूच्या लोकांनी ते सभांमध्ये फडकवलं, सरकारच्या बाजूचे चिडले. पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या मांडतात, म्हणजे मार्चमध्ये राहून गेलेला पैसा तिथं मागता येतो. त्यात आपल्या केंद्रांचं नाव घालायचं म्हणून धावपळ सुरू झाली. मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

मग एका दुपारी दोघं जण दुकानात आले. कपडे इस्त्रीचे, बोलणं गोड. मी मागवलेला चहा घेतला.

"वर त्या बाई बसतात ना?"

"भाडेकरू आहेत."

"चांगलं आहे. तुम्ही मेहनतीनं उभं केलंय हे सगळं, आम्हाला माहितीय." एकानं वर छताकडं पाहिलं. "नकाशा मंजूर आहे ना सगळा? वरच्या मजल्याचा पण?"

माणसाच्या तोंडावर ओरडण्यासाठी मी सगळ्या बाजारात प्रसिद्ध आहे. त्या दिवशी माझ्या तोंडून "हो साहेब" एवढंच निघालं. ते कुणाकडून आले हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. ते गेल्यावर मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि आत बसून राहिलो.

आपांना सांगितलं तर त्या जिन्याच्या पायरीवरच खाली बसल्या. पाणी मागितलं. पिताना अर्धं पदरावर सांडलं. पेला खाली ठेवून त्यांनी विचारलं, "त्यांनी टिपणातली कुठली ओळ चुकीची आहे म्हणून सांगितलं का?"

"नाही. नकाशाचं विचारत होते."

"म्हणजे वाचून आले नव्हते," आपा म्हणाल्या. "पण पुढच्या वेळी वाचून येतील. कांबळे सरांना बोलवा. सगळं परत बघायचं."

दुसरं कुणी असतं तर भीतीनं घर गाठलं असतं. आपा भीतीनं आकडे तपासायच्या. आणि त्या तपासण्यातच ती चूक सापडली. आमच्याशिवाय ती कुणालाही दिसलेली नव्हती.

झालं होतं असं. मागच्या वर्षी मधेच ही योजना एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडं गेली. खर्च झाला होता, पण वर्षाचा सगळाच्या सगळा तो दुसऱ्या खात्याच्या पुस्तकात पडला होता. जुन्या खात्याच्या ओळीत राहिलं शून्य. आपांनी आणि सरांनी त्या शून्यावर बोट ठेवलं, हौ म्हणाले, जागा बदलली आणि पुन्हा हौ म्हणाले. शून्य खरंच तिथं होतं. फक्त ते त्या योजनेचं राहिलं नव्हतं.

आपा स्वतः खाली दुकानात आल्या. कधी यायच्या नाहीत, ट्रकच्या हॉर्नची भीती वाटायची. नळ्यांच्या ढिगाजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "मशीन चालू होतं, पाईपवाले. वर्षभर तुम्ही मला सांगत होता, आज माईंना नेलं, आज माईंना आणलं. पैसा गेल्याशिवाय ते चाललं असतं का? आणि मी त्या शून्याकडं बघत बसले. पुस्तकावर विश्वास ठेवला, मशीनवर नाही."

"यंदाचं?" मी विचारलं.

"यंदाचं दोन्ही खात्यांत बघितलं. ते खरं आहे. दोन्हीकडं मिळून नावापुरतंच आहे."

"मग झालं. अधिवेशन तोंडावर आलंय. पुरवणीत पैसा पडू द्या, मग चूक छापा. मोठ्या अक्षरात छापा, लाल रंगात छापा."

"नाही. उद्याच पहिलं पान काढायचं."

मग मी ओरडलो. मनात येईल ते बोललो. तुमच्या घरचं कोण आहे त्या मशीनवर, असं म्हणालो. हे पान त्या दोघांच्या हातात पडलं की ते म्हणतील सगळंच खोटं, आणि माझी बहीण मरेल, असं म्हणालो. दुकानातली माणसं बाहेर जाऊन उभी राहिली. आपा कानांवर हात ठेवून, डोळे मिटून, कपाटाला टेकून उभ्या होत्या. पण त्या तिथून हलल्या नाहीत.

मी थांबल्यावर त्यांनी हात काढले. "झालं? मला तुमची भीती वाटते. त्यांची पण वाटते. पण त्यांना ही चूक आपल्या आधी सापडली तर दुसरं वाक्य पण जाईल, पाईपवाले. आणि नाही सापडली तरी ते खोटंच आहे. ज्या लोकांनी आपल्या शब्दावर भरवसा ठेवला त्यांना आधी सांगावं लागतं, मग बाकीच्यांना. उद्या सकाळी मला तुमच्या माईंकडं न्या."

गाडीत आपांनी वरचं हँडल धरलं ते सोडलं नाही. समोरून ट्रक आला की त्या डोळे मिटून पुटपुटायच्या. मी एक शब्द बोललो नाही. त्यांना दरीत ढकलावं इतका राग मला आला होता, आणि गाडी मात्र मी रोजच्यापेक्षा सावकाश चालवत होतो.

केंद्रात सगळ्या खाटा भरलेल्या होत्या. नातेवाईक प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. मशीन आपापल्या सुरात वाजत होत्या. आपा मधोमध उभ्या राहिल्या. इतक्या लहान आवाजात बोलायला लागल्या की लोकांना पुढं सरकावं लागलं. काय लिहिलं होतं, त्यातलं काय चुकलं, काय खरं आहे, सगळं सांगितलं. कोपऱ्यातल्या खाटेवरचा एक म्हातारा बागवान उठून बसायला बघत म्हणाला, "मतलब झूट लिखे तुम?"

"गलत लिखी, चाचा. अर्धं. उरलेलं अर्धं खरं आहे, आणि ते वाईट आहे."

"फिर हमारा क्या?"

माई खिडकीजवळच्या खाटेवर होती. हातात सुया, अंगावर चादर. ती म्हणाली, "बाई, इकडं या. त्या पुस्तकाचं राहू द्या. हे मशीन बंद पडणार का, तेवढं सांगा."

नाही पडणार म्हणा, असं मी मनातल्या मनात त्यांना विनवत होतो. एवढं एक वाक्य, त्याला पुस्तक लागत नाही.

"मला माहीत नाही, माई," आपा म्हणाल्या.

माई म्हणाली, "हितं येणारा दर माणूस म्हणतो, काय होत नाय, चालू राहतंय. माझा भाऊ तर रोज म्हणतो. आन् त्याचं तोंड बघून मला कळतं की त्याला कायबी ठावं नाय." तिनं मोकळ्या हातानं चादर सारली, खाटेच्या कडेला जागा केली. "बसा. तुमाला भ्या वाटायलंय का?"

"हौ. लई."

"मला बी."

आपा बसल्या. माईचं डायलिसिस संपेपर्यंत दोघी तशाच बसल्या होत्या. काय बोलल्या ते मला कळलं नाही, मी दारात उभा होतो. एकदा माई हसल्याचं ऐकू आलं. बहुतेक माझ्यावरच असणार.

पहिलं पान निघालं आणि मी म्हणालो होतो तसंच झालं. त्याचा फोटो लाल गोल करून मोबाइलवर सगळीकडं फिरला. आपांना घरबसल्या शिव्या आल्या, त्यांच्या नावावरून आल्या, सिल्लोडवरून आल्या, ज्या मी इथं लिहिणार नाही. विरोधी बाजूचा एक जण फोनवर म्हणाला, मॅडम, तुम्ही आमची पंचाईत केलीत. एका वर्तमानपत्रानं मात्र चुकलेलं आणि खरं, दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी छापली. ते दोघं पुन्हा आले. या वेळी बसले नाहीत. जिन्याची रुंदी नजरेनं मोजली आणि गेले.

त्यानंतर लगेचच मी मालासाठी जळगावला गेलो होतो. परत आलो तर वरच्या खोल्या रिकाम्या. पुस्तकं, टेबल, कांबळे सरांची खुर्ची, सगळं गेलं होतं. फरशी पुसून घेतलेली होती. किल्ली दुकानातल्या माणसाजवळ, निरोप एकच: ते दोघं परत आले होते, खोल्या रिकाम्या केल्यात, पाईपवाल्यांच्या इमारतीला आता त्रास देऊ नका, असं त्यांना सांगितलंय.

मी सिल्लोडला गेलो. आपा भावाच्या घरी पुढच्या खोलीत राहायला आल्या होत्या. माझा आवाज ऐकून त्यांनी सवयीनं कानांवर हात नेले.

"कुणाला विचारून गेलात?"

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हणालोच असतो."

"म्हणून तर नाही विचारलं. चहा घेणार का?"

हाच माझा राग. आयुष्यात माझ्या वतीनं दुसऱ्या कुणी सौदा केलेला नाही. माझा माल, माझी जागा, माझा मजला. त्या दोघांसमोर उभं राहून "खोल्या रिकाम्या होणार नाहीत" असं मी म्हणालो असतो की नसतो? मी आपांना सांगितलं की म्हणालो असतो. त्यांनी मान डोलावली, वाद घातला नाही. पण ते म्हणायची वेळच त्यांनी माझ्यावर येऊ दिली नाही. आता मला ते कधीच कळणार नाही.

अधिवेशनात पुरवणी मागण्या आल्या आणि त्यात केंद्रांसाठी पैसा होता. करार वर्षभरासाठी वाढला. मी पेढे घेऊन सिल्लोडला गेलो, म्हणालो, "आपा, तुम्ही केलंत."

"पुरावा काय?" त्या म्हणाल्या. "आपण लिहिलं, मग पैसा आला. कोंबडा आरवतो, मग सूर्य उगवतो. दुसऱ्या कुणी पण मागितला असेल."

"एकदा तरी स्वतःकडं श्रेय घ्या की."

"भीती वाटते." आणि पेढा उचलत म्हणाल्या, "हा माईंच्या नावाचा खाते. आणि ही रक्कम एका वर्षाची आहे, हे त्यांना सांगा. मार्चमध्ये परत बघावं लागेल."

हिवाळ्यात आपा गेल्या. सकाळी छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. कबरस्तानात कांबळे सर माझ्या शेजारी उभे होते. मूठभर माती टाकताना त्यांचे ओठ हलत होते, बहुतेक प्रार्थना नसावी, हौ म्हणत असावेत. परतताना मला म्हणाले, डोळ्यांमुळं आता एकट्यानं पुस्तकं होणार नाहीत.

माईला मी सांगितलं नाही. सांगितलं नाही, कारण मला धीर झाला नाही. केंद्रातले सगळेच विचारायचे, बागवान चाचा विचारायचे, तुमची ती घाबरी बाई काय म्हणते? मी म्हणायचो, बरी आहे. थंडी सरली. मार्च लागला. भाषण झालं, टीव्हीवर टाळ्या वाजल्या, आरोग्यासाठी भरीव तरतूद असं निवेदक म्हणाला. भरीव हा शब्द आपांनी खोडला असता. मी टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी माईला घेऊन केंद्रावर गेलो. सुया लागल्या, मशीन सुरू झालं. माई म्हणाली, "आपांना विचारलंस का, औंदाचं काय?"

मी तिच्या खाटेच्या कडेला बसलो. "आपा गेल्या, माई. हिवाळ्यात."

माईनं खिडकीकडं तोंड फिरवलं. रडली नाही. रडलं की सुया हलतात, हे तिला ठाऊक आहे. मग म्हणाली, "आन् तू आत्ता सांगायलास."

"हो."

"मग औंदा पुस्तक कोण बघणार?"

शेजारच्या खाटेवरचा माणूस आमच्याकडं वळला होता. चाचांनी मान उचलली होती. मशीन चालवणाराही हातातलं काम ठेवून थांबला. मला तेव्हा जी भीती वाटली तशी त्या दोघांसमोर वाटली नव्हती, नकाशाच्या नावानं वाटली नव्हती.

"मी बघतो," मी म्हणालो.

"तुला येतंय का ते?"

"नाही येत."

माईनं डोळे मिटून घेतले. "मग शिक लवकर," ती म्हणाली.